पोच मिळेपर्यंत

सरांना नुसतं ‘हो’ चालत नसे. उद्या मोडेम घेऊन बदलापूरला जा, असं त्यांनी सांगितलं की आपण म्हणायचं, ‘उद्या. मोडेम घेऊन. बदलापूर.’ मग ते म्हणत, ‘पोच,’ आणि त्यानंतरच पुढचं वाक्य येई. आपण ‘हो सर’ म्हणून मान डोलावली, तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. चिडत नसत. चिडले असते तर निदान आपल्यालाही चिडता आलं असतं.

घरीही तेच. त्यांच्याकडे जेवायला गेलो की आतून त्यांच्या मिसेस म्हणत, ‘आमटीत मीठ कमी पडलंय हं,’ आणि हे बाहेरून म्हणत, ‘मीठ कमी. पोच.’ बाईंनी एकदा मला हसत हसत सांगितलं, ‘अहो, बघायला आले तेव्हा मी आपली मानेनेच हो म्हटलं. तर हा माणूस सगळ्यांसमोर म्हणतो, नीट सांगा, मला ऐकू आलं पाहिजे.’ माझ्या लग्नाची पत्रिका मी त्यांच्या हातात दिली होती, तरी आठवड्याभरात घरी पोस्टकार्ड आलं: पत्रिका मिळाली, मुलीचं नाव वाचलं, मुहूर्ताची वेळ वाचली, येतो. माझी आई म्हणाली, तुझा साहेब वेडा आहे. तिचं अगदीच चुकलं नव्हतं.

ते गेले तेव्हा बदलापूरला त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, लोक एकेक करून उठले आणि फोटोपुढे फूल ठेवून आले. एक बाई मात्र मागच्या खुर्चीवर बसून राहिली, उठली नाही. सरांच्या मिसेसनी स्वतः जाऊन तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘नात्यातल्या का?’ मी नाही म्हटलं. त्या बाईचं नाव कुसुम, आणि सरांची गोष्ट तिच्याशिवाय सांगता येत नाही.

अंबरनाथ एमआयडीसीत आमचा पत्र्याचा गाळा होता. एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला कसल्याशा आम्लाचा. जेवताना वाऱ्याची दिशा वासावरून कळायची. आम्ही काय बनवतो हे मी आईला शेवटपर्यंत समजावू शकलो नाही, इथे एकदा प्रयत्न करतो. मोठ्या कंपनीची कचेरी मुंबईत आणि कारखाने भलतीकडे असत. सगळीकडचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलावेत म्हणून कंपनी टेलिफोन खात्याकडून स्वतःपुरती लाईन भाड्याने घ्यायची आणि प्रत्येक ठिकाणी आमचं यंत्र बसवायची. त्याचं नाव पॅकेट स्विच, पण आम्ही त्याला डबाच म्हणायचो. लांबलचक निरोप आला की डबा त्याची लहान लहान पाकिटं करायचा, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि पुढच्या डब्याकडे सोडायचा. पुढचा ‘मिळालं’ म्हणेपर्यंत प्रत्येक पाकिटाची नक्कल जपून ठेवायची. ‘मिळालं’ आलं की नक्कल पुसायची, नाही आलं तर तेच पाकीट पुन्हा पाठवायचं. या ‘मिळालं’ला सर पोच म्हणत. सरांनी डब्याला स्वतःसारखं केलं की डब्याने सरांना, यावर आमच्या कॅन्टीनमध्ये दोन तट होते.

बोर्डांवर सोल्डरिंग करणाऱ्या बाया उल्हासनगरच्या कॅम्प म्हणवणाऱ्या वस्त्यांतून शेअर रिक्षाने यायच्या. आपण ज्याला डाग देतो ते करतं काय, हे त्यांना कळलं पाहिजे असा सरांचा हट्ट. गाळ्याचे मालक, आमचे सिंधी शेठ म्हणायचे, ‘साईं, सोल्डर करना है, इम्तिहान थोडी देना है!’ एकदा लाईट गेले होते, तेव्हा सरांनी सगळ्याजणींना बाकावर ओळीने बसवलं आणि चिठ्ठ्यांचा खेळ मांडला. एका वाक्याचे तुकडे करून चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येक चिठ्ठीच्या दोन प्रती केल्या. एक प्रत शेजारणीला द्यायची, एक मुठीत ठेवायची. शेजारीण ‘मिळाली’ म्हणाली की मुठीतली फाडायची. पहिल्या जागेवर कुसुम होती, कॅम्प तीनची, बारीक, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून. तिची शेजारीण हसण्याच्या नादात काही बोलेना. कुसुम म्हणाली, ‘ए बाई, मिळाली म्हण आधी. त्याशिवाय मी फाडनार नाय, घरी घेऊन जाईन.’ सर एवढे खूश झाले की सगळ्यांना चहा सांगितला. पुढे कितीतरी दिवस ते नव्या माणसाला सांगत, ‘डबा कसा पाहिजे? कुसुमसारखा.’

त्यांचं दुसरं वेड रांगेचं. अंबरनाथ स्टेशनबाहेर रिक्षावाले त्यांना ओळखायचे, ‘ओ साहेब, या ना पुढं, शीट आहे’ म्हणून हाका मारायचे. हे ढिम्म. पुढचा माणूस बसल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. कॅन्टीनमध्ये शेठच्या पाहुण्यांना आधी ताट लागलं, तर हे आपली थाळी परत ठेवून अगदी शेवटी जाऊन उभे राहायचे. पाहुण्यांना वाटायचं नम्र माणूस आहे. तो निषेध होता.

डबे तयार झाले की ते भट्टीत जायचे. भट्टी म्हणजे एक मुद्दाम तापवलेली खोली. तिथे डबे गोल जोडून कित्येक दिवस सतत चालवायचे, कच्चा असेल तो तिथेच मरायचा. चाचणीसाठी एक वाक्य त्या गोलातून फिरत राहायचं. इतर लोक इंग्रजी काहीतरी घालतात. सरांचं वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं: आई, पाणी मिळालं. भट्टीत घाम पुसत मी एकदा विचारलं, हे काय?

‘आमच्या गावात विहीर होती,’ सर म्हणाले आणि थांबले.

‘विहीर होती,’ मी म्हटलं.

‘पोच. आई घागर घेऊन लांब बसायची. कुणी ओतलं तर पाणी.’

‘कुणी ओतलं तर.’

‘पोच. लोक कुरकुरतात, रांगेत फार वेळ जातो म्हणून. आम्हाला रांगच नव्हती. रांग असती तर कधीतरी आमचा नंबर आला असता.’

आमच्या शेतात बदलापूरच्या बाजूला स्वतःची विहीर होती. उन्हाळ्यात आम्ही पोरं तिच्यात उड्या मारायचो. सरांचं ते वाक्य मला परत म्हणता येईना. त्यांनी वाट पाहिली, मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मी म्हटल्याशिवाय ते मला सोडणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून शेवटी म्हटलं.

असा हा माणूस, आणि त्याच्यासमोर ती ऑर्डर आली. रसायनांची एक बरी मोठी कंपनी होती. कचेरी मुंबईत, एक कारखाना आणि प्रयोगशाळा अंबरनाथला, दुसरा कारखाना बदलापूरला. मुंबईची लाईन अंबरनाथला यायची आणि तिथून पुढे बदलापूरला जायची. आमचे डबे चाचणीसाठी बसले. सर स्वतः प्रयोगशाळेत गेले आणि तिथल्या केमिस्टला शिकवून आले, ‘निरोप टाइप करा. पडद्यावर पोच दिसली की निश्चिंत व्हा. पुढचं आमचा डबा बघेल.’ ती पोच अंबरनाथच्याच डब्याची असे, पण त्याने काही बिघडत नव्हतं. रांग सरकती होती. तुम्ही खुर्चीवरून उठेपर्यंत निरोप बदलापूरला छापून यायचा.

मग कंपनीचे कॉम्प्युटरवाले साहेब आले. म्हणाले, सगळं उत्तम आहे, फक्त हेड ऑफिसच्या पाकिटांवर खूण असू द्या. खुणेची पाकिटं आधी जातील, बाकीची नंतर. बाहेरच्या देशांतल्या यंत्रांत ही सोय असते.

‘पाकिटावर पत्ता असतो,’ सर म्हणाले. ‘ते कुणाचं आहे हे डब्याने विचारायचं नसतं.’

साहेबांनी पोच दिली नाही, म्हणून सरांनी ते पुन्हा म्हटलं. साहेब शेठकडे बघायला लागले.

पुढचे काही आठवडे गाळ्यात दुसरा विषय नव्हता. परदेशी डबे यायला लागले होते, आमच्याकडे दुसरी ऑर्डर नव्हती. शेठ आधी समजावून, मग ओरडून, मग रडकुंडीला येऊन बोलले, ‘ये गया तो गाळ्याला टाळा, साईं. तू भी घर, मैं भी घर.’ सर हलले नाहीत. मग एक दिवस कुसुम टेस्टिंगच्या दारात येऊन उभी राहिली. बाकीच्या बाया तिच्या मागे.

‘सर, खरं सांगा. काम राहील ना?’

सरांनी हातातला बोर्ड खाली ठेवला.

‘आमच्या ह्यांचं बदलापूरला हाय त्याच कंपनीत, पन कंत्राटी. आज हाय, उद्या नाय. माझं हे पक्कं हाय म्हनून घर हाय.’

‘तुझं पक्कं आहे म्हणून घर आहे,’ सर म्हणाले. मग म्हणाले, ‘पोच.’

त्या दिवशी त्यांनी खूण घातली. काम फार नव्हतंच, दुपारी बसले आणि संध्याकाळच्या आत झालं. भट्टीत लावून बघितलं तेव्हा मी शेजारी होतो. खुणेची पाकिटं भरपूर सोडली आणि मध्येच बिनखुणेचं आपलं नेहमीचं वाक्य सोडलं. आई, पाणी मिळालं. ते सगळ्यात शेवटी आलं. पूर्ण आलं. सरांनी पंखा बंद केला, डबा बंद केला आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. रांग मोडल्यावर पोचेचा अर्थ बदलला होता. अंबरनाथचा डबा अजूनही ताबडतोब ‘मिळालं’ म्हणत होता, पण मिळालेलं पाकीट आता तिथेच पडून राहू शकत होतं. प्रयोगशाळेत पुन्हा जाऊन हे सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणाकडून हे राहिलं असतं तर मी समजू शकलो असतो.

मार्चअखेर होती. मुंबईहून बदलापूरला हिशेबांचे गठ्ठेच्या गठ्ठे सुटत होते, सगळे खुणेचे. त्या दिवशी सकाळी अंबरनाथहून कच्च्या मालाची पिंपं टेम्पोने बदलापूरला गेली. मागाहून प्रयोगशाळेत कळलं की त्या मालात पाणी शिरलंय. पाण्याचा अंश असला की तो माल भडकायचा. केमिस्टने फोन फिरवला. बदलापूरचा फोन तेव्हा लागला तर लागायचा, तो लागला नाही. म्हणून त्याने निरोप टाइप केला: आजची पिंपं उघडू नका. पडद्यावर पोच आली. सरांनी शिकवलं होतं तसा तो निश्चिंत झाला आणि जेवायला गेला. निरोप अंबरनाथच्या डब्यात, हेड ऑफिसच्या हिशेबांच्या मागे उभा राहिला.

आमच्याकडे बातमी दुपारच्या चहाला आली. शेठ ऑफिसातून बाहेर आले आणि थेट कुसुमच्या बाकापाशी गेले. मग म्हणाले, ‘कुसुमबाई, तुम्हारा आदमी… बदलापूर में… चलो, मैं गाडी निकालता हूँ.’ कुसुमने सोल्डरिंग आयर्न स्टँडमध्ये ठेवली, बटण बंद केलं, पदर खोचला आणि निघाली. बदलापूरला पिंपांतला माल भांड्यात घालताच भडका उडाला होता, आणि तिचा नवरा विलास भांड्यापाशीच होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो गेला.

कंपनीने आम्हाला डबा तपासायला बोलावलं. बदलापूरच्या ऑफिसात प्रिंटरमधून लांबच लांब कागद जमिनीवर लोळत होता. हिशेब, हिशेब, हिशेब, आणि सगळ्यांच्या शेवटी ती एक ओळ. एक अक्षर गळलेलं नव्हतं. सर त्या कागदाशेजारी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. कॉम्प्युटरवाले साहेब मागून म्हणाले, ‘तुमच्या मशीनचा काही दोष नाही हो. मेसेज आलाय ना बरोबर. ऑपरेटरने लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी माल घातला.’

सर उभे राहिले. ‘खूण मी घातली,’ ते म्हणाले.

‘ती आम्हीच मागितली होती. त्यात काय?’

‘खूण मी घातली. पोचेचं सांगायला मी आलो नाही.’

‘तुम्ही चहा घेणार का?’ साहेबांनी विचारलं.

चौकशीत दोष विलासचा निघाला. मेलेला माणूस उलट बोलत नाही, सगळ्यांची सोय झाली. सरांनी चौकशीवाल्यांना सगळं लिहून दिलं, त्याचं काही उत्तर आलं नाही. शेठना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘भूल जा, साईं. मेरे को मत सुना, रात को नींद नहीं आती.’ त्यानंतरच्या प्रत्येक डब्यातून सरांनी खूण काढून टाकली. शेठनी या वेळी आवाज केला नाही, कारण पुढच्या डब्यांना गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. परदेशी माल आला आणि वर्षाच्या आतच गाळ्याला टाळा लागला. ज्यासाठी हे सगळं केलं ते असं वाचलंही नाही. मला कल्याणला नोकरी मिळाली. सर दुसरीकडे गेले नाहीत.

ते कुसुमकडे जायला लागले. पहिल्या वेळी मला बरोबर नेलं. ती पुन्हा आमच्याकडे कामाला आलीच नव्हती. कॅम्प तीनमधल्या एका गल्लीत, शिलाईच्या कारखान्यांच्या खडखडाटात तिची खोली होती. जीन्सच्या पँटींचा ढीग पुढ्यात घेऊन ती उरलेले धागे कापत बसली होती. सर दाराशी बसले. आत बोलावलं तरी आत गेले नाहीत.

‘हेड ऑफिसची पाकिटं आधी जावीत अशी खूण मी घातली,’ ते म्हणाले आणि थांबले.

कुसुमने धागा कापला.

‘हेड ऑफिसची पाकिटं आधी जावीत अशी खूण मी घातली.’

तिने ढिगातली दुसरी पँट ओढून घेतली. त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यांना पुढचं वाक्य येईना. म्हणजे येत होतं, पण पहिल्याची पोच मिळाल्याशिवाय पुढे जायचं हा माणूस शिकलाच नव्हता. मला त्यांचा संताप आला. वाटलं, तिच्या घरात बसून तरी हे खूळ सोडा! आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की मी उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. मागून तेच वाक्य ऐकू येत होतं.

पुढे दर रविवारी ते जात. ती चहा ठेवायची, पाणी द्यायची, ‘बसा’ म्हणायची, ‘बाई बऱ्या हायेत ना’ विचारायची. त्या एका वाक्याला मात्र हूं की चूं नाही. सरांच्या मिसेसनी मला बोलावून घेतलं. ‘तुम्ही तरी तिला सांगा हो,’ त्या म्हणाल्या. ‘शिव्या दे म्हणावं, चपलेने मार म्हणावं. पण ऐकलं एवढं एकदा म्हण. हे झोपेतही तेच बोलतात.’ सर खंगले होते. शर्ट हँगरवर लटकावा तसा अंगावर लटकत होता.

म्हणून एका रविवारी मी पुन्हा गेलो. सर नेहमीच्या जागी दाराशी होते. त्यांनी वाक्य म्हटलं, थांबले, पुन्हा म्हटलं. मला राहवलं नाही. ‘कुसुमताई,’ मी म्हटलं, ‘त्यांना ऐकू येईल असं एकदा मिळालं म्हणा. माणूस मरेल असाच.’

तिने कात्री खाली ठेवली. त्या घरात ती कात्री थांबलेली मी पहिल्यांदाच बघितली.

‘सर, पयल्याच दिवशी ऐकलं मी,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘सगळं कळलं. पुढचं बी कळलं, तुम्ही न सांगता. माझ्याच कामासाठी केलंत, त्ये बी कळलं. साऱ्यांनी आपापली चिठ्ठी फाडून टाकली. कंपनीनं फाडली, शेठनं फाडली. तुमच्या एकट्याच्या मुठीत ऱ्हायलीय. मी मिळाली म्हनलं की तुम्ही बी फाडनार. तुम्हीच शिकवलंय. म्हनून नाय म्हननार.’

शेजारच्या कारखान्यातल्या मशीनी चालू होत्या. सर तिच्याकडे बघत होते. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर भट्टीतला डबा तपासताना असायची तशी एकाग्रता आली होती. ते भिंतीला धरून उठले, चपला घातल्या, आणि तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात एकेक शब्द म्हणाले.

‘मिळाली म्हटलं की मी फाडणार. म्हणून तू म्हणणार नाहीस. पोच.’